परदेशी शेड्यूल आणि कार्नेटची वही: पुण्याच्या युनिटनं यात पैसे घालावेत का?

मालिकेचं किंवा रिअ‍ॅलिटी शोचं परदेशी शेड्यूल लागलं की प्रॉडक्शनमध्ये आधी चर्चा होते ती कलाकारांच्या व्हिसाची आणि हॉटेलच्या खोल्यांची. कॅमेऱ्याच्या पेट्यांची आठवण निघायच्या आठवड्यात होते, आणि मग कुणीतरी विचारतं, 'ते कार्नेट का काय म्हणतात, ते लागतं का आपल्याला?' हे परीक्षण त्या 'कार्नेट का काय'चंच. ही पैसे मोजून घ्यायची सेवा आहे, तेव्हा तिच्याकडे गिऱ्हाइकाच्या नजरेनंच बघायला हवं.

आधी मिळतं काय ते सांगतो. एटीए कार्नेट ही कस्टमसाठीची एक वही. नावातली अक्षरं 'तात्पुरता प्रवेश' या अर्थाच्या फ्रेंच आणि इंग्रजी शब्दांची मिसळ करून आली आहेत, आणि 'कार्नेट' म्हणजे फ्रेंचमध्ये वही. (फ्रेंच माणूस 'कार्ने' म्हणतो. पुण्यात यावरही वाद होऊ शकतो, पण कस्टमच्या खिडकीवर 'कार्नेट'च म्हणा.) 1961च्या ब्रुसेल्स करारातून ही पद्धत आली आणि 1990च्या इस्तंबूल करारानं ती आणखी पसरली. आज ऐंशीच्या आसपास देश आणि प्रदेश ती मानतात. भारतात ती देण्याचा आणि तिची हमी घेण्याचा अधिकार फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडे आहे. सेनापती बापट रोडवरचं मराठा चेंबर निर्यातदारांना मालाच्या उगमाचा दाखला देतं. तो कागद वेगळा, त्यावर कॅमेरा जाऊन परत येत नाही. या दोन कागदांची गल्लत पुण्यात बऱ्याचदा होते.

वहीचा उपयोग असा: तुमचा कॅमेरा, लेन्स, साउंडचं सामान दुसऱ्या देशात शिरताना तिथलं आयातशुल्क आणि कर भरायचा नाही, तिथे रोख अनामतही ठेवायची नाही. सामान ठरल्या मुदतीत बाहेर नेणार हा शब्द तुम्ही दिलात आणि तुमच्या देशातल्या संस्थेनं त्याची हमी घेतली, एवढंच त्यामागचं गणित. ती हमी फुकट नसते. सामानाची किंमत आणि जाणार ते देश पाहून तुमच्याकडून बँक गॅरंटी किंवा तत्सम तारण घेतलं जातं आणि वहीचं शुल्क वेगळं. अर्ज करताना चालू दरपत्रक मागून घ्या. 'मागच्या वेळी इतके लागले होते' या हिशोबावर बजेट बांधू नका.

आमचं मत सुरुवातीलाच देऊन टाकतो. दोन किंवा जास्त देश, भाड्याचे कॅमेरे आणि दहाच्या वर पेट्या असतील तर कार्नेट घ्याच. एकच देश, एक कॅमेरा, तीन लेन्स आणि दोन माणसं असतील तर आधी शांतपणे हिशोब करा, तो खाली येतोच. आणि कुठल्याही परिस्थितीत लक्षात ठेवा, की या सेवेचा दर्जा सत्तर टक्के तुम्ही भरलेल्या यादीवर ठरतो. फॉर्म नीट नसेल तर चांगली वहीसुद्धा रद्दीच.

यादी: सगळा जीव इथे आहे

हिरव्या मुखपृष्ठाच्या मागे सामानाची सर्वसाधारण यादी असते. रकाने मोजके: अनुक्रमांक, मालाचं वर्णन आणि त्यावरच्या खुणा-नंबर, नग, वजन, किंमत, उगमाचा देश. शेवटचा रकाना कस्टमसाठी मोकळा सोडायचा. वही एकदा जारी झाली की या यादीत नवी ओळ घालता येत नाही. पेनानं तर नाहीच.

एक ओळ कशी भरायची ते बघू. 'कॅमेरा, 1 नग' हे चुकीचं. 'सोनी एफएक्स6 कॅमेरा बॉडी, सिरियल नंबर अमुक, पेटी 2' हे बरोबर. वजन बॉडीचं, पेटीचं नव्हे: 0.89 किलो. किंमत आजच्या बाजारभावाची, रुपयांत. तीन वर्षांपूर्वीच्या बिलावरची नको आणि तारण कमी पडावं म्हणून मुद्दाम पाडलेलीही नको. ती पाडली की उद्या विम्याच्या दाव्यातही तोच आकडा तुमच्यासमोर येऊन उभा राहतो. उगमाचा देश म्हणजे माल जिथे बनला तो देश. पुण्यात घेतला म्हणून भारत होत नाही, कंपनी जपानी म्हणून जपानही होत नाही. तळाची पट्टी वाचायची आणि देशाचा दोन अक्षरी कोड टाकायचा. भारतात बनलेल्या वस्तूपुढे काही लिहायची गरज नसते, कारण हा रकाना फक्त वही देणाऱ्या देशापेक्षा वेगळा उगम दाखवण्यासाठी आहे.

'लेन्स किट, 1 संच' ही ओळ तर बघूच नये. पाच लेन्स म्हणजे पाच नंबर, पाच ओळी. काही लेन्सवर नंबर माउंटच्या बाजूला कोरलेला असतो, काहींवर कड्यावर. मागचं झाकण न काढता फोटो काढले की निम्मे नंबर राहतात. वायरलेस माइकच्या बेल्टपॅकचं, म्हणजे कमरेला लावायच्या डबीचं, आणखी वेगळं: सेनहायझरच्या जी4 मालिकेत लेबल बॅटरीच्या कप्प्यात असतं, झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही. कस्टमचा माणूस तेच झाकण उघडायला सांगेल, तेव्हा आपण आधी उघडलेलं बरं.

यादी पेटीनुसार लावा, किमतीनुसार किंवा विभागानुसार नको. पेटी 1 मध्ये ओळ 1 ते 9, पेटी 2 मध्ये 10 ते 16, असं. तपासणाऱ्याला नऊ पेट्या उघडायच्या नसतात, त्याला दोन पेट्या उघडून खात्री करायची असते. तुमची यादी त्याला थेट पेटी 4 पर्यंत नेत असेल तर पाऊण तासाचं काम दहा मिनिटांत होतं. परतीच्या वेळी पेट्या वेगळ्या भरल्या की हा फायदा जातो, म्हणून कॅमेरा अटेंडंटकडे यादीची एक प्रत आणि प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत त्या पेटीचं पान चिकटवलेलं हवं.

काय लिहू नये? संपणारं सामान. गॅफर टेप, जेल पेपर, पेन्सिल सेल, मेकअपचं सामान, युनिटचा चिवडा-लाडू यांतलं काहीच कार्नेटमध्ये जात नाही. परत येणार नाही ते लिहायचं नाही, हा सोपा नियम. यात हार्ड डिस्कवर फार जण अडकतात. रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फुटेज, तिथल्या पोस्ट-प्रॉडक्शनला देऊन यायच्या असतील तर त्या डिस्क यादीत घालू नका. त्या लिहून गेल्या आणि तिथे राहिल्या की कागदावर तुम्ही माल तिथे सोडून आलात, आणि शुल्काचा दावा त्या ओळीवर लागतो. पाच-सात हजारांची वस्तू, पण पत्रव्यवहार वर्षभराचा.

भाड्याचा कॅमेरा

पुण्यातल्या बहुतेक युनिटचं सामान स्वतःचं नसतं. एरंडवणे, कोथरूड पट्ट्यातली भाड्यानं कॅमेरा देणारी दुकानं, थोडं मुंबईहून आलेलं, एखादी लेन्स डीओपीची (छायाचित्रण दिग्दर्शकाची) स्वतःची. कार्नेटचा धारक एकच असतो, म्हणून प्रत्येक मालकाकडून लेटरहेडवर पत्र हवं: कुठलं सामान, कुठले नंबर, कुणाला, किती तारखेपर्यंत, आणि परदेशी नेण्यास हरकत नाही. प्रवास करणारा माणूस धारक नसेल तर त्याच्या नावाचं अधिकारपत्र मूळ प्रतीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो खिडकीवर चालत नाही.

खरा घोळ निघायच्या आदल्या रात्री होतो. आधीच्या युनिटनं बॉडी वेळेत परत केलेली नसते, आणि दुकानातून सांगतात, 'सेम मॉडेल देतो, काळजी करू नका.' मॉडेल तेच, नंबर वेगळा. कार्नेटच्या दृष्टीनं ती वस्तू यादीतच नाही. या एका कारणानं मुख्य कॅमेरा साध्या बॅगेजमधून न्यावा लागतो आणि वही घेतल्याचा निम्मा अर्थ जातो.

यावर एक चांगला उपाय आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. यादीत आहे ते सगळं प्रत्येक वेळी न्यावंच लागतं असं नाही. बाहेर पडताना कुठल्या क्रमांकाच्या ओळी जात आहेत ते कस्टम काउंटरफॉइलवर, म्हणजे वहीतच राहणाऱ्या स्थळप्रतीवर, नोंदवतं. म्हणजे दुकानातल्या दोन्ही बॉडींचे नंबर यादीत घालून ठेवायचे आणि जी मिळेल ती न्यायची. तारण थोडं वाढतं. आदल्या रात्रीची धावपळ वाचते, आणि तो सौदा आम्हाला स्वस्त वाटतो. शक्य असेल तर नंबर फोनवर लिहून घेऊ नका. दुकानात जा, सामान टेबलावर मांडा, प्रत्येक पट्टीचा फोटो काढा. 8 आणि 'बी', शून्य आणि 'ओ' यांची गफलत फोनवर हमखास होते.

पानांचा रंग आणि देशांची बेरीज

आतली पानं रंगांवरून ओळखायची. पिवळी स्वतःच्या देशातून बाहेर जाण्या-येण्याची, पांढरी दुसऱ्या देशात शिरण्या-निघण्याची, निळी नुसत्या वाटेतल्या देशाची. प्रत्येक पानाला दोन भाग: वर वहीतच राहणारं काउंटरफॉइल, खाली कस्टम फाडून घेतं ते व्हाउचर. व्हाउचर आपण फाडायचं नाही. प्रॉडक्शनचा नवखा मुलगा 'सर, फोटोकॉपीला सोपं जाईल' म्हणून पिना काढायला निघाला तर त्याला चहा आणायला पाठवा.

अर्जाच्या वेळी देश मोजावे लागतात, आणि इथे व्हिसाचा नकाशा डोक्यात ठेवून मोजलं की चुकतं. युरोपीय संघ हा कस्टमच्या हिशोबानं एक प्रदेश: पॅरिसहून रोमला गेलात तर मध्ये शिक्का नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, आहे, माणसाला सीमेवर थांबावं लागत नाही, पण ते संघाच्या कस्टम क्षेत्रात नाही. मराठी युनिटना आल्प्सचा बर्फ फार आवडतो, तेव्हा हे वाक्य ठळक अक्षरांत वाचा: गाडीनं मिलानहून स्वित्झर्लंडमध्ये शिरताना सामानासाठी तुम्हाला स्वतःहून थांबून कस्टमचं ऑफिस शोधायचं आहे. तुम्हाला कुणी अडवत नाही, आणि चूक होते ती त्यामुळेच. तिथली लहान नाकी रात्री आणि रविवारी मालाच्या कागदांसाठी उघडी असतीलच असं नाही, म्हणून रूट आखतानाच ऑफिसच्या वेळा बघायच्या. नॉर्वेचंही असंच. ब्रिटन 1 जानेवारी 2021 पासून वेगळं झालं, म्हणजे लंडन आणि पॅरिस यांत पांढऱ्या पानांच्या दोन जोड्या जातात.

उदाहरण घ्या. मुंबई, लंडन, पॅरिस, झुरिक, आणि परत. पिवळी एक जोडी, पांढऱ्या तीन. आता झुरिकऐवजी परतीचं विमान फ्रँकफर्टहून स्वस्त मिळालं म्हणून तिकीट बदललं, तर पेट्या रस्त्यानं पुन्हा संघात शिरणार. तेवढ्यासाठी निळ्या पानांची एक जोडी जादा. प्रॉडक्शन कंट्रोलरनं तिकिटात वाचवलेले पैसे अशा वेळी कस्टमच्या दारात उभं राहण्यात जातात. दुबईला नुसतं विमान बदलायचं असेल आणि पेट्या थेट पुढे जात असतील तर पान लागत नाही. अर्जात एक-दोन पांढऱ्या जोड्या जास्तच मागा. मुदतीच्या आत नंतरही जादा पानं घेता येतात, पण अर्धं युनिट परदेशात असताना ते करायला कुणाला वेळ असतो?

देश कार्नेट मानतो एवढ्यावर थांबू नका. कुठल्या कारणासाठी मानतो तेही बघा. प्रदर्शन, व्यापारी नमुने आणि व्यावसायिक उपकरणं ही तीन वेगळी कारणं आहेत, आणि सगळे देश तिन्हींना हो म्हणत नाहीत. आपलं कारण व्यावसायिक उपकरणं. आणि मग टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या माणसाच्या हातात 'व्यावसायिक उपकरणं' असं छापलेली वही बरी दिसत नाही, हे सांगायला नकोच.

शिक्के

पुण्यातून निघणाऱ्या युनिटची पहिली पायरी पिवळ्या पानावरचा शिक्का, आणि तो पेट्या चेक-इन करण्याच्या आधी. पेट्या बेल्टवरून गेल्या की दाखवायला काही उरत नाही. बहुतेक युनिट मुंबईहून जातात. उर्से टोलनाका आणि घाट यांचा भरवसा धरून शुक्रवारी संध्याकाळी निघू नका. विमानाच्या किमान पाच तास आधी टर्मिनलवर पोचायचं, असंच वेळापत्रक करा. लोहगावहून थेट परदेशी विमान असेल तर त्या वेळेला कार्नेटची नोंद करणारा अधिकारी हजर असतो का, हे आधी लेखी विचारून घ्या. पेट्या कार्गोनं जात असतील तर हे काम कस्टम ब्रोकरकडे जातं, पण पान तुम्ही स्वतः तपासा.

शिक्का मिळाला म्हणजे झालं असं नाही. तिथेच उभं राहून चार गोष्टी वाचायच्या: ओळींचे क्रमांक बरोबर लिहिलेत का, तारीख, सही, आणि पांढऱ्या आयात-पानावर दुसऱ्या क्रमांकात लिहिलेली परत नेण्याची शेवटची तारीख. वही वर्षभर चालते हे सगळ्यांना माहीत असतं. त्या देशाचं कस्टम त्याहून लहान मुदत लिहू शकतं, हे फारसं कुणी वाचत नाही. शेड्यूल लांबलं, पावसानं चार दिवस गेले, आणि वहीवर सात महिने शिल्लक असूनही त्या देशापुरती मुदत संपलेली, असं होतं. तारीख जवळ आली तर ती उलटायच्या आधी तिथल्या ऑफिसात जायचं, नंतर नव्हे.

देश सोडताना पांढऱ्या निर्गमन-पानावरचा शिक्का राहणं ही सगळ्यात महागडी चूक, आणि सगळ्यात सोपीही. रॅपअपनंतरची, म्हणजे शूट आटोपल्यानंतरची रात्र, पहाटेचं विमान, कस्टमची खिडकी दुसऱ्या टोकाला, सगळे पेंगुळलेले. सामान भारतात सुखरूप येतं, पण त्या देशाच्या दप्तरी ते अजून तिथेच असतं. वहीची मुदत संपल्यावर वर्षभराच्या आत त्यांचा दावा येऊ शकतो. दावा आल्यापासून सामान बाहेर गेल्याचा पुरावा द्यायला सहा महिने मिळतात. भारतात परत येताना पिवळ्या पानावर नीट शिक्का घेतलेला असेल तर तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो, तरी नियमित करून घेण्याचं शुल्क भरावं लागू शकतं. म्हणून थकलेले असा, नसा, मुंबईला उतरल्यावर हिरव्या मार्गानं सरळ बाहेर पडू नका.

वहीत न बसणाऱ्या गोष्टी

कार्नेट हा विमा नाही. पेटी चोरीला गेली तर पोलीस तक्रार असूनही ते सामान त्या देशातून बाहेर गेलेलं नसतं, आणि तिथलं शुल्क तुमच्या गळ्यात पडू शकतं. म्हणून विमा घेताना कॅमेऱ्याच्या किमतीबरोबर या शुल्काचाही प्रश्न एजंटला विचारा.

बॅटऱ्यांना विमान कंपनीचे नियम लागतात, वही काही करत नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर: 14.4 व्होल्ट आणि 6.8 अँपिअर-अवरची व्ही-माउंट (कॅमेऱ्याच्या मागे अडकवायची मोठी बॅटरी) 98 वॅट-अवरची होते, 100च्या खाली, सोपी. 150च्या आसपासची असेल तर विमान कंपनीची परवानगी घेऊन माणशी दोन. 160च्या वरची प्रवासी बॅगेत जातच नाही. म्हणून परदेशी शेड्यूलला मोठ्या चार बॅटऱ्यांपेक्षा 98च्या आठ भाड्यानं घ्या आणि टोकांना टेप लावून चार माणसांत वाटा. फक्त त्या यादीत लिहिल्या असतील तर शिक्क्याच्या वेळी ती चारही माणसं पेट्यांपाशी हवीत. एक जण कॉफी प्यायला गेला की ओळ 31 आणि 32 सापडत नाहीत.

वायरलेस माइकच्या फ्रिक्वेन्सीशीही कस्टमला देणंघेणं नाही. शिक्का मिळेल आणि माइक तरी बेकायदा असेल. अमेरिकेत 614 ते 698 मेगाहर्ट्झचा बहुतेक पट्टा 13 जुलै 2020 पासून माइकसाठी बंद आहे, म्हणजे 626 ते 668चा सेट तिथे घेऊन जाण्यात शहाणपण नाही. ब्रिटनमध्ये 606 ते 614चा पट्टा ऑफकॉम या तिथल्या दूरसंचार नियामकाचा परवाना काढून वापरता येतो. साउंड रेकॉर्डिस्टला देश आधी सांगा, सेट नंतर बुक करा.

मग न घ्यावं केव्हा?

एक देश, छोटं सामान, आठवड्याचं काम. अशा वेळी निघताना भारतीय कस्टमकडून महागड्या वस्तूंचा निर्यात दाखला घेतला की परत येताना 'हा कॅमेरा बाहेरून आणलात का' हा प्रश्न मिटतो. हा दाखला परतीपुरताच. समोरच्या देशात शिरताना तो काही कामाचा नाही, तिथला तात्पुरत्या प्रवेशाचा नियम वेगळा बघावा लागतो आणि रोख अनामत मागितली जाऊ शकते.

आणि कार्नेट घेतलं तरी सगळं घर उचलून नेऊ नका. लाइट, स्टँड, ट्रायपॉड, ट्रॅक, जनरेटर तिथेच भाड्यानं घ्या. आपले 15 अँपिअरचे गोल पिनचे प्लग तिथे बहुतेक ठिकाणी बसत नाहीत, अमेरिकेत 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, आणि जड पेटीचं जादा बॅगेज भाड्यापेक्षा महाग पडतं. बॉडी, लेन्स, साउंड, मॉनिटर, एवढंच आपलं. यादी शंभर ओळींवरून चाळीसवर येते, तारण कमी होतं, आणि खिडकीवरचा माणूसही खूश.

परत आल्यावर वही कपाटात टाकू नका. सगळ्या काउंटरफॉइलचे स्कॅन काढून ठेवा आणि मूळ वही जारी करणाऱ्या संस्थेकडे पावती घेऊन परत करा. ती तपासून झाल्याशिवाय तारण मोकळं होत नाही, आणि तोवर ते पैसे पुढच्या शेड्यूलच्या बजेटमध्ये धरता येत नाहीत. पुढचं शेड्यूल त्याच वर्षात असेल तर मात्र वही परत करायच्या आधी मागची पांढरी पानं मोजा.